सासूबाईंचं समूहगान आणि माझा परफॉर्मन्स

आमच्या ऑफिसात वर्षातून एकदा माणसाला काचेच्या खोलीत बोलावून त्याची लायकी सांगतात. खोली काचेची अशासाठी, की आत काय बोलणं चाललंय ते कुणाला ऐकू जाऊ नये, पण चेहरा कसकसा पडत जातो ते सगळ्यांना दिसावं. यंदा माझी पाळी जेवणाच्या सुट्टीनंतर लागली. साहेबांनी लॅपटॉप उघडला, माझ्याकडे पाहिलं, पुन्हा लॅपटॉपकडे पाहिलं आणि म्हणाले, "समाधानकारक."

मी पुढच्या शब्दाची वाट बघत बसलो. पुढे शब्द नव्हताच.

आता 'समाधानकारक' हा शब्द वरवर बरा दिसतो. पण एखादा बडा माणूस आजारी असला की इस्पितळाच्या पायरीवर येऊन डॉक्टर हाच शब्द उच्चारतात, आणि तो ऐकल्याबरोबर नातेवाईक लांबलांबच्या मंडळींना फोन लावायला घेतात. मी खुर्चीत जरा सावरून बसलो.

"सर, माझं काही चुकलं का?"

"छे छे! चुकलं काहीच नाही. काम चांगलंच आहे तुमचं. पण ते दिसत नाही."

हे मात्र खरं होतं. आमची कंपनी इस्पितळांसाठी सॉफ्टवेअर बनवते. पेशंटचं नाव टाकलं की त्याचे जुने आजार, तपासण्या, औषधं, सगळं पडद्यावर यायला हवं. ते यावं हे इतरांचं काम आणि ते लवकर यावं हे माझं. ह्या कामाचा स्वभावच असा आहे, की ते नीट झालं तर कुणाला कळत नाही. पान चटकन उघडलं म्हणून आजवर कुणी कुणाचे आभार मानलेले नाहीत. उघडलं नाही, की मात्र जगाला माझा नंबर तोंडपाठ असतो. मी हे साहेबांना समजावून सांगितलं. साहेब माझ्याहून बरेच लहान. केस आणि उत्साह दोन्ही अजून शाबूत.

"तेच तर म्हणतोय मी!" ते म्हणाले. "परफॉर्मन्स म्हटला की तो दिसायला हवा. स्टेजवर या! कंपनीचा वर्धापनदिन आहे, सगळे संचालक येणार आहेत. आपल्याला समूहगान बसवायचंय. फक्त शिकवणारं कुणी मिळत नाहीये."

माणसाने अशा वेळी खिडकीबाहेर बघावं. मी म्हणालो, "माझ्या सासूबाई शाळेत संगीत शिकवायच्या."

सासूबाई निवृत्त झाल्यापासून आमच्याकडेच असतात. उभा जन्म त्यांनी मुलांना सुरात आणण्यात घालवला, आणि आता सुरात आणायला समोर कुणी नाही, हे त्यांचं खरं दुखणं. म्हणून त्या घरातल्या वस्तूंकडे वळल्या होत्या. दाराची बेल वाजली की पाहुण्याच्या आधी बेलकडे बघून म्हणायच्या, "उतरलीय ही." मी समूहगानाचं सांगितलं तेव्हा त्या भाजी निवडत होत्या. हात थांबले.

"किती जण आहेत?"

"वीसेक असतील."

"गाणारे किती?"

"ते तुम्हीच ठरवायचं, आई."

संध्याकाळी त्यांनी कपाटातून शाळेतला चष्मा काढला आणि पुसत बसल्या. बायकोने मला स्वयंपाकघरात ओढलं. "खूप दिवसांनी आईला असं बघतेय मी," ती म्हणाली. "ह्यात काही गोंधळ घालू नकोस." मी दुखावलो. गोंधळ घालायला माझा त्यात संबंधच काय येणार होता!

पहिला गोंधळ तालमीच्या पहिल्याच दिवशी ऑफिसच्या फाटकात झाला. सुरक्षारक्षकाच्या यंत्रात पाहुण्यांचे तीनच प्रकार होते: माल पुरवणारे, कुरियरवाले आणि नोकरीसाठी मुलाखतीला आलेले. संगीत शिकवायला आलेली सासू हा प्रकार नव्हता. मी खूप हुज्जत घातली. शेवटी सासूबाईच म्हणाल्या, "त्यातल्या त्यात मुलाखत बरी दिसते." रक्षकाने त्यांच्या गळ्यात तसा पास अडकवला. मी गाडी लावून वर पोचलो, तर सासूबाई गायब. मनुष्यबळ विभागाच्या बाई पास बघून त्यांना थेट मुलाखतीच्या खोलीत घेऊन गेल्या होत्या.

मी दार ढकललं तेव्हा मुलाखत रंगात आली होती.

"तुमची कमजोरी कोणती, सांगाल?"

"गुडघे," सासूबाई म्हणाल्या.

"आणि पाच वर्षांनी तुम्ही स्वतःला कुठे बघता?"

सासूबाईंनी शांतपणे एक बोट वर केलं. बाईंनी समाधानाने मान हलवली, बहुधा वरच्या पदाची आकांक्षा असावी असं समजून. नंतर कळलं की दुसऱ्या फेरीसाठी त्यांची निवड झाली होती. मला ह्या कंपनीत शिरायला दोनदा अर्ज करावा लागला होता. हे मी घरी कुणाला बोललो नाही.

मग त्यांचा की-बोर्ड. म्हणजे वाजवायचा. फाटकावर नियम असा, की की-बोर्ड आत नेण्यापूर्वी तांत्रिक विभागाने तपासला पाहिजे. "आत शेकडो की-बोर्ड पडलेत म्हणे," सासूबाई रक्षकाला म्हणाल्या, "त्यांच्यात माझा एक बिघडणार आहे का?" पण नियम तो नियम. तांत्रिक विभागातल्या माणसाने त्यात व्हायरस नसल्याची खात्री केली. कशी केली, देव जाणे, मला तरी तो एक बालगीत वाजवताना दिसला. आणि सवयीने त्यावर कंपनीचं स्टिकर चिकटवून दिलं. झालं! संध्याकाळी बाहेर पडताना रक्षक म्हणाला, ही कंपनीची मालमत्ता आहे, बाहेर नेता येणार नाही. त्या दिवसापासून वर्धापनदिनापर्यंत तो की-बोर्ड आमच्या ऑफिसातच राहिला, आणि घरी सासूबाई मला अशा नजरेने बघायला लागल्या, की जणू मी त्यांची वस्तू परस्पर विकून खाल्ली.

गाणं कंपनीचंच होतं. जाहिरात विभागाने लिहिलेलं. त्याचं धृपद होतं: 'पुढे, पुढे, अजून पुढे.' सासूबाईंनी कागद दूर धरून वाचला आणि विचारलं, "हे बसच्या कंडक्टरने लिहिलंय का?" तरी त्यांनी त्याला चाल लावली, आणि चाल खरोखर छान होती. इतकी, की त्या शब्दांवर ती वाया गेल्यासारखी वाटत होती.

मग एकेकाचा आवाज तपासणं सुरू झालं. हिशेब खात्याच्या बाई गायल्या, ठीक. टेस्टिंगवाले दोघे गायले, बरे. मी उभा राहिलो, छाती भरून श्वास घेतला आणि पहिली ओळ म्हटली. सासूबाईंनी डोळे मिटले. मला वाटलं, तल्लीन झाल्या. सगळ्यांसमोर त्या एवढंच म्हणाल्या, "हं. पुढचे."

खरा निकाल घरी चहाच्या वेळी लागला.

"तुमचा आवाज..." त्या म्हणाल्या आणि बराच वेळ बशीकडे बघत राहिल्या. "मोठा आहे."

"थँक्यू."

"तुम्ही असं करा. ओठ हलवा. हावभाव करा. चेहरा तुमचा फार सुरेल आहे. आवाज तेवढा राहू द्या."

स्वयंपाकघरात काहीतरी पडल्याचा आवाज आला. ती बायको होती, हसता हसता ओट्याला टेकलेली.

माझ्या जागी दुसरा कुणी असता तर त्याने राजीनामा दिला असता. पण सासूला राजीनामा देण्याची सोय नाही. शिवाय ही बातमी भिंतीपलीकडे शेजारच्या काकांपर्यंत पोचली होती. काका निवृत्त आहेत. कशातून, ते नक्की माहीत नाही, पण विषय कुठलाही निघाला तरी ते त्यातूनच निवृत्त झालेले असतात. दारातच गाठून त्यांनी माझ्या पोटावर बोट टेकवलं.

"आवाज इथून यायला हवा. तुमच्याकडे पोट आहे, आवाज आहे, पण दोघांची गाठभेट नाही. धावायला लागा! श्वास वाढला की सूर आपोआप लागतो. माझंच बघा."

"तुम्ही गाता, काका?"

"नाही. पण धावायचो."

ह्या उत्तरात काय खोट आहे ते मला दुसऱ्या दिवशी सकाळी बागेत धावताना कळलं, पण तोपर्यंत मी बाकावर आडवा होतो आणि एक अनोळखी बाई मला वर्तमानपत्राने वारा घालत होत्या. बायको घाबरली आणि मला डॉक्टरांकडे घेऊन गेली. डॉक्टरांनी छातीला वायरी लावून मला सरकत्या पट्ट्यावर चालवलं, मग पळवलं. मी मनात निरवानिरव करून ठेवली. पट्टा थांबला. डॉक्टर आलेख बघून म्हणाले, "वा! हार्टचा परफॉर्मन्स उत्तम आहे."

वर्षभरात माझ्यातल्या कशालातरी 'उत्तम' म्हणणारा हा पहिला माणूस. मी त्यांना पुन्हा म्हणायला लावलं.

"ते चालू आहे हे एरवी जाणवतं का तुम्हाला?" त्यांनी विचारलं.

"नाही."

"मग झालं तर. जाणवायला लागलं की या."

ही गोष्ट मी मोठ्या अभिमानाने साहेबांच्या कानावर घातली. ते म्हणाले, "छान! काळजी घ्या." आणि फोनमध्ये बघायला लागले.

ह्याच सुमारास माझं वर्षभराचं काम पुरं झालं. पेशंट शोधायचं पान पूर्वी इतकं सावकाश उघडायचं, की इस्पितळातले कारकून नाव टाकून चहा सांगायचे. आता बटण दाबता दाबता माहिती हजर! मी अभिनंदनाची वाट बघत होतो. आल्या तक्रारी. एका मोठ्या इस्पितळाच्या मुख्य कारकुनांनी स्वतः फोन केला.

"हे तुमचं शोधत नाहीये हो."

"साहेब, पेशंट सापडतोय ना?"

"सापडतोय. पण शोधत नाहीये. इतक्या लाखो लोकांतून एक माणूस असा लगेच कसा सापडेल? काहीतरी अंदाजे दाखवतंय ते. त्याला सांगा, नीट शोध म्हणावं."

मी त्यांना खूप समजावलं. त्यांनी माझं सगळं ऐकून घेतलं आणि साहेबांना तक्रार पाठवली. त्यावर साहेबांनी समूहगानाच्या तालमीतच निर्णय दिला: पानावर एक गोल चक्र फिरवायचं, खाली लिहायचं 'शोधत आहे...', आणि थोडा वेळ गेल्यावर माहिती दाखवायची.

"सर, पण माहिती तर आधीच आलेली असेल!"

"असू दे. तिला थांबवा."

सासूबाई की-बोर्डवर हात ठेवून हे ऐकत होत्या. "बरोबर आहे त्यांचं," त्या म्हणाल्या. "समेवर फार सहज आलं की लोकांना वाटतं, ह्यात काय मोठंसं! जरा वळसा घालून यावं लागतं." ऑफिसात मला हिणवणारे बरेच होते, आता घरचंही माणूस मिळालं. मी चक्र बसवलं. आठवड्यात मुख्य कारकुनांचा निरोप आला, की आता सॉफ्टवेअर फार मन लावून काम करतं. साहेबांनी माझी पाठ थोपटली. माझ्या नोकरीतलं सर्वांत कौतुक झालेलं काम म्हणजे ते चक्र. मी ते एका दुपारी केलं होतं.

चक्राने खूश होऊन साहेबांनी आणखी एक निर्णय घेतला. मधलं कडवं ते एकटे गाणार. सासूबाईंनी त्यांचा आवाज तपासला, डोळे मिटले, आणि उघडले तेव्हा साहेब हात पसरून टाळ्यांची वाट बघत होते. तालमीतले सगळे टाळ्या वाजवत होते. साहेब जातील तिथे टाळ्या वाजवायची आमच्याकडे पद्धतच आहे.

"हे माझ्यासारखे ओठ हलवतील का?" मी घरी हळूच विचारलं.

"त्यांना सांगणार कोण?" सासूबाई म्हणाल्या. मी भिंतीकडे बघायला लागलो. "मग चालू दे. कडवं लहान आहे." पण त्यानंतर घरात साहेबांचा उल्लेख 'फुटका भोंगा' असाच होऊ लागला. माझ्या नोकरीचा विचार करून खिडक्या लावून होत असे, एवढंच.

वर्धापनदिनाला सभागृह गच्च भरलं होतं. संचालक पहिल्या रांगेत. बायकोही आली होती. सासूबाईंनी मला पुढच्या ओळीत, अगदी मधोमध उभं केलं, कारण चेहरा. माझ्यासमोर एक माइक होता. इथेच सगळं बिघडलं. साउंडवाल्याला बिचाऱ्याला काय कल्पना, की मी न गाण्यासाठी उभा आहे! त्याला दिसत होतं की समोरचा गृहस्थ जीव तोडून गातोय आणि माइकमधून जरासुद्धा आवाज येत नाही. तो माइकचा आवाज वाढवत गेला. आणि त्या माइकच्या पलीकडेच, प्रेक्षकांकडे पाठ करून, हातवारे करत उभ्या होत्या सासूबाई. आयुष्यभर शाळेत शिकवलेली माणसं हात हलवताना तोंडातल्या तोंडात सूचना देत असतात. ती सवय जात नाही.

स्पीकर सभागृहाकडे तोंड करून होते, आणि आमच्या कानाशी वीस जण 'पुढे, पुढे' करत होते. आम्हाला काही कळत नव्हतं. मला फक्त दिसलं, की लोक हसताहेत. मग गाण्याच्या एका विरामात मला सासूबाईंचा आवाज भिंतीवरून परत येऊन ऐकू आला.

"हिशेबाच्या बाई, छताकडे काय बघताय? सूर तिथे नाहीये."

मी ओठ हलवत राहिलो. तेवढ्यात साहेब दोन पावलं पुढे आले आणि त्यांनी कडवं उचललं.

"आले," सासूबाईंच्या आवाजाने सभागृह दुमदुमलं. "आता धरा कुणीतरी ह्यांना."

हशा झाला. साहेबांना स्वतःच्या आवाजापुढे तेवढाच ऐकू आला, आणि तो प्रतिसाद वाटला. त्यांनी एक हात वर केला आणि आणखी जोरात गायला लागले.

"अरे, अरे, सूर सोडून निघाला कुठे हा माणूस?"

आता संचालक खुर्चीचे हात धरून हसत होते. बायकोने तोंड झाकून घेतलं होतं. आणि मी बघितलं, सासूबाईंचे ओठ जुळले. पुढचं अक्षर 'फु' होतं. त्यापुढे काय येणार ते सबंध जगात आमच्या घरच्या तिघांनाच माहीत होतं.

विचार करायला वेळ नव्हता. मी छाती भरून श्वास घेतला आणि गायलो.

तो आवाज मी कधी विसरणार नाही. माइक पूर्ण उघडा होता आणि त्यात मी पूर्ण उघडलो होतो. स्पीकरांनी एक लांबलचक किंकाळी फोडली. साहेब थांबले, सगळे थांबले, साउंडवाल्याने कानावरचं यंत्र ओढून टाकलं. सभागृहात हसण्याचा नुसता लोट आला आणि सासूबाई पहिल्यांदा मागे वळल्या. त्यांना काय झालंय ते कळलं नाही. एवढंच कळलं, की आपण बसवलेल्या गाण्याला लोक हसताहेत.

त्या ओरडल्या नाहीत. शाळेच्या वर्गासमोर उभ्या राहाव्यात तशा हात बांधून उभ्या राहिल्या. हसणं हळूहळू विझलं. मग त्यांनी आमच्याकडे वळून, अगदी हळू, स्वतः ते कडवं सुरू केलं. त्यांचं गाणं मी असं समोर उभं राहून कधी ऐकलं नव्हतं. आवाज थोडा कापत होता, पण जिथे जायचा तिथेच जाऊन थांबत होता. 'पुढे, पुढे' हे शब्दसुद्धा त्यांच्या तोंडी कुठेतरी खरंच जाण्याजोगं ठिकाण असल्यासारखे वाटले. हिशेबाच्या बाईंनी त्यांच्यात सूर मिसळला, मग टेस्टिंगवाल्यांनी, मग सगळ्यांनी. साहेबही गात होते, पण इतकं हळू, की बहुधा ते ऐकत असावेत. मी तोंड मिटून घेतलं होतं. ओठही हलवले नाहीत.

टाळ्या खूप झाल्या. मग निवेदिकेने जाहीर केलं: सर्वोत्कृष्ट विनोदी कार्यक्रमाचा चषक समूहगानाला.

परतताना टॅक्सीत चषक सासूबाईंच्या मांडीवर होता. बायको खिडकीबाहेर बघत होती. सासूबाईंनी विचारलं, "विनोदी का?"

मला सगळं सांगावं लागलं. माइकचं, हिशेबाच्या बाईंचं, 'धरा कुणीतरी'चं.

"सगळ्यांनी ऐकलं?"

"सगळ्यांनी."

"आणि मध्येच तुम्ही ओरडलात ते?"

"गायलो. तुमचं ते पुढचं... ऐकू जाऊ नये म्हणून."

त्यांनी चषक ह्या हातातून त्या हातात घेतला. टॅक्सीने दोन चौक ओलांडले.

"सूर लागला होता तुमचा," त्या म्हणाल्या. "ह्या गाण्यातला नव्हता. पण लागला होता."

माझ्या गाण्याची आजवर झालेली ही एकमेव स्तुती आहे, आणि ती मी जपून ठेवली आहे.

सोमवारी साहेब स्वतः माझ्या टेबलाशी आले. आजूबाजूच्या सगळ्या माना खाली गेल्या. त्यांच्या हातात फोन होता आणि फोनमध्ये कार्यक्रमाचा व्हिडिओ. टेबल आवरायला किती वेळ लागेल ह्याचा मी हिशेब करत होतो.

"'सूर सोडून निघाला कुठे' असं म्हणाल्या त्या?"

"सर, त्यांची सवय आहे, शाळेत असताना..."

"मी चौथीत असल्यापासून गातोय," साहेब म्हणाले. ते रागावलेले नव्हते. एखाद्याला घराचा पत्ताच चुकीचा सांगितला गेला होता असं उशिरा कळावं, तसा त्यांचा चेहरा होता. "लग्नात, पार्ट्यांत. सगळ्यांनी वाहवाच केलीय. कुणी म्हणालं नाही कधी." मग इकडेतिकडे बघून हळू आवाजात, "त्या घरी शिकवतात का?"

आता दर शनिवारी सकाळी साहेब आमच्या घरी येतात. बूट दाराबाहेर काढतात. सासूबाई त्यांना की-बोर्डवर एक सूर देतात आणि साहेब तो धरायचा प्रयत्न करतात. धरला, की सुटतो. सुटला, की पुन्हा पहिल्यापासून. दुसरा सूर अजून त्यांच्या वाट्याला आलेला नाही. मी ट्रेमध्ये चहा घेऊन जातो तेव्हा सासूबाई हातानेच मला थांबवतात, आणि मी माझ्याच घरात, माझ्याच साहेबांसमोर, ट्रे धरून उभा राहतो. माझा हुद्दा होता तिथेच आहे. पण सासूबाईंची तब्येत सुधारली आहे, गुडघ्यांचं नाव निघत नाही.

परवा शिकवणी संपल्यावर त्या आत येऊन पाणी प्यायल्या आणि मला म्हणाल्या, "ह्यांचं काही होणार नाही हो. पण येऊ देत. धडपड खरी आहे."

मी साहेबांना पोचवायला दारापर्यंत गेलो. ते बुटाची नाडी बांधत वाकले होते. बांधून झाल्यावरही वर आले नाहीत.

"त्या माझ्याबद्दल काही बोलल्या का?" त्यांनी जमिनीकडे बघतच विचारलं.

मी दाराला टेकून उभा राहिलो. घाई नव्हती. मी एक क्षण त्यांना वाट बघू दिली, आणि मग सासूबाईंच्या बोलण्याचा पहिला भाग गिळून उरलेला त्यांना सांगितला.

साहेब ताडकन उभे राहिले, माझा हात हातात घेऊन जोरात हलवला आणि लिफ्टची वाट न बघता जिना उतरायला लागले. खालच्या मजल्यापर्यंत ते गात गेल्याचं मला ऐकू येत होतं.